गोष्ट घडाघडा वाचणारी मुलं माहितीच्या धड्यात का अडतात, आणि पत्र-सूचना-बातमी शिकवायची कशी

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग. मुलं गोष्टी छान वाचतात, पण परिसर अभ्यास काढला की वाचतात आणि विचारलं तर काहीच सांगता येत नाही. लिहायला काहीही द्या, पत्र असो, सूचना असो, सगळं 'एके दिवशी'ने सुरू होतं आणि 'आम्हाला खूप मजा आली'वर संपतं. मग पत्र, बातमी, सूचना यांचे फॉरमॅट आत्तापासूनच पाठ करून घ्यावेत का?

फॉरमॅटचं आधी सांगून टाकते: नको. चौथीला तर अजिबात नको. मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये बरीच वर्षं शिकवलं, नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम केलं, आणि माझं ठाम मत आहे की 'हे कोण, कुणाला, कशासाठी सांगतंय' एवढं मुलाला कळलं की फॉरमॅट अर्ध्या तासात शिकवून होतो, आणि ते कळलं नसेल तर दहावीपर्यंत पाठ करूनही पत्र निर्जीवच राहतं.

आधी वाचनाचं बघू, कारण लिखाणाची अडचण तिथूनच येते. चौथीचं उदाहरण तुमच्या हातातच आहे. परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं, भाग 2 म्हणजे शिवाजी महाराजांचं आणि भाग 1 म्हणजे बाकी सगळं, पाणी, अन्न, नकाशा, शरीर. भाग 2 मुलं सुट्टीतच वाचून संपवतात, अफजलखानाचं पान आलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प. आणि तीच मुलं भाग 1 उघडून एक परिच्छेद वाचतात आणि जांभया देतात. वाचता येत नाही म्हणावं तर भाग 2 वाचलंच की! फरक असा आहे की गोष्टीत 'पुढे काय झालं' हा प्रश्न गोष्टच मुलाच्या डोक्यात तयार करते आणि तोच त्याला पुढे ओढतो. माहितीच्या मजकुरात पुढे काहीच 'होत' नाही, तिथे प्रश्न वाचणाऱ्याने स्वतः घेऊन जायचा असतो, आणि हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. ते बिचारं परिच्छेदभर वाट बघतं की कुणीतरी येईल, काहीतरी होईल.

आपल्या सगळ्या मोजमापातही गोष्टच वरच्या पायरीवर बसलेली असते. 'असर' या देशभरच्या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचन चाचणी तुम्ही बघितली असेलच: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. ती चाचणी तिच्या कामासाठी चांगलीच आहे, पण शाळांनी त्यातून 'गोष्ट वाचली म्हणजे वाचन झालं' असा अर्थ काढला. गंमत म्हणजे त्याच 'असर'वाल्यांनी 14 ते 18 वयाच्या मुलांचं सर्वेक्षण केलं तेव्हा त्यात ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला दिल्या. म्हणजे मोठेपणी पाकीट वाचता यायला हवं, पण लहानपणी पाकीट कुणी वर्गात आणत नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही हां. अमेरिकेत नेल ड्यूक नावाच्या संशोधक बाईंनी बॉस्टन परिसरातले पहिलीचे 20 वर्ग पाहिले आणि 2000 साली निष्कर्ष छापले: माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं येत होती. आपल्या वर्गात कुणी घड्याळ लावलं तर काय निघेल याची मला थोडी धास्तीच वाटते, कारण आपण परिसर अभ्यास 'शिकवतो', समजावून सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो, पण तो मजकूर मुलाने स्वतः वाचून त्यातून काहीतरी काढायचंय अशी वेळच येऊ देत नाही.

तर करायचं काय? पहिली गोष्ट, धडा उघडायच्या आधी प्रश्न फळ्यावर. तेही मुलांचे. 'आपल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात का आटतं?' असा एक खरा प्रश्न पुरतो. मग शीर्षकं बघा, चित्राखालच्या ओळी बघा, नकाशा बघा आणि ठरवा की उत्तर कुठल्या पानावर असू शकेल. सगळं पान वरून खाली वाचायचं नाही हे मोठ्याने सांगा, कारण मुलांना ती चोरी वाटते. एसटीचं वेळापत्रक आपण पहिल्या ओळीपासून वाचत बसतो का? आपल्याला सिन्नरची गाडी हवी असते, तीच ओळ शोधतो. हे वाचन तुम्ही स्वतः मुलांसमोर करून दाखवा, मनातलं सगळं मोठ्याने बोलत: 'हे मला नकोय, हे सोडते, हां इथे पाणी शब्द दिसतोय, इथे थांबते.' बावळटासारखं वाटतं सुरुवातीला, पण वाचताना डोक्यात काय चालतं हे मुलांना दुसरं कसं दिसणार?

(जाता जाता, गणितातली शाब्दिक उदाहरणंही याच आजाराने चुकतात. 'रामूकडे 12 आंबे होते' म्हटलं की मूल रामूची गोष्ट वाचायला लागतं. शेवटची ओळ, म्हणजे विचारलंय काय ते, आधी वाचायला लावा. बऱ्याच जणांचं गणित कच्चं नसतंच.)

आता प्रकार ओळखण्याचा भाग, माझ्या सगळ्यात आवडीचा. एक पिशवीभर कागद गोळा करा. लग्नपत्रिका, वीजबिल, बिस्किटाचं वेष्टन, पेपरचं पान, ग्रामसभेची सूचना, औषधाचं रिकामं पाकीट, खताच्या गोणीचा फोटो, 'किशोर' मासिकाचा जुना अंक, कुणाच्या तरी आजीच्या वहीतली पाककृती. सगळं सतरंजीवर ओता आणि गटांना सांगा, गठ्ठे करा. कसे करायचे ते सांगू नका. आधी आकारावरून करतात, रंगीत आणि साधं असं करतात, करू द्या. मग विचारा, 'हे कागद कशाकरता आहेत त्यावरून गठ्ठे करता येतील का?' आता वर्ग बोलायला लागतो. 'हे सांगतंय काय करायचं.' 'हे पैसे मागतंय.' 'हे बोलावतंय.' 'हे नुसतं सांगतंय.' ही त्यांची नावं आहेत ना, तीच ठेवा, 'माहितीपर लेखन' वगैरे नावं पुढे येतीलच.

कागद निवडताना तुमच्या गावाचा विचार करा. आमच्याकडे कांदेवाले, तर पेपरातला बाजारभावाचा तक्ता हा उत्तम धडा: आवक, किमान, कमाल, सरासरी, सगळं क्विंटलवर. घरात रोज ज्या आकड्यावरून चर्चा होते तो तक्त्यातून स्वतः शोधताना नऊ वर्षांचं पोर कसं ताठ बसतं ते बघा. खताच्या गोणीवरचे 10:26:26 हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने असतात, हे वर्गातल्या एकाला तरी माहीत असतं, आणि बहुतेक वेळा तो वाचनात 'मागे' असलेला मुलगा असतो. कीटकनाशकाच्या डब्यावर हिऱ्याच्या आकाराच्या चौकोनात खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सगळ्यात जास्त विषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात कमी हिरवा. हेही वाचनच आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात तर जिवाशी संबंध असलेलं वाचन आहे.

मग भाषेकडे या. वेगवेगळ्या मजकुराचं मराठी व्याकरण वेगळं असतं, हे पाठ्यपुस्तकात कुठेच सरळ सांगितलेलं नसतं. मी एकच विषय घेऊन फळ्यावर लिहायचे. समजा कांदा.

'एक होता कांदा. त्याला एकही मित्र नव्हता. जो जवळ येई तो रडत परत जाई.'
'कांदा जमिनीखाली वाढतो. त्याला उग्र वास असतो.'
'कांदा सोला. उभा चिरा. तेल तापलं की कांदा घाला.'
'सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते की, सोमवारी कांद्याचे लिलाव बंद राहतील.'
'कांद्याचे भाव घसरल्याने संतप्त शेतकऱ्यांनी मंगळवारी लिलाव बंद पाडले.'
'गावरान कांदा, घरपोच! दहा किलोवर एक किलो मोफत!'

आता मुलांना फक्त क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. होता, नव्हता, जाई. वाढतो, असतो. सोला, चिरा, घाला. कळविण्यात येते. बंद पाडले. आणि जाहिरातीत तर क्रियापदच सापडत नाही, पोरं शोधत बसतात! मग प्रश्न विचारा. कांदा 'वाढतो' म्हणजे कधी, आज की काल? नेहमीच. म्हणून माहिती लिहिताना 'आमचा कांदा वाढला' चालत नाही. 'सोला' हे कुणाला म्हटलंय? वाचणाऱ्याला. 'कळविण्यात येते' हे कोण म्हणतंय? इथे वर्ग गप्प होतो, कारण कोणीच म्हणत नाहीये. एका मुलीने म्हटलं होतं, 'मॅडम, हे ऑफिस बोलतंय.' याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळालेली नाही. एवढं झालं की 'एके दिवशी'चा रोग निम्मा बरा होतो, कारण आपण एकाऐवजी दुसरंच लिहितोय हे मुलाला स्वतःला ऐकू यायला लागतं.

तुम्हाला वाटेल हे सगळं बाईंनी घरी बसून काढलंय. तसं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे 1980 च्या दशकात जिम मार्टिन, जोन रॉदरी वगैरे भाषातज्ज्ञांनी प्राथमिक शाळेतलं मुलांचं लिखाण तपासलं, तर बहुतेक मुलं 'मी काल काय केलं' छापाचे छोटे वृत्तांतच लिहीत होती. त्यांचं म्हणणं असं की बाकीचे प्रकार ज्यांच्या घरात पुस्तकं-कागद असतात ती मुलं आपोआप उचलतात आणि बाकीची मागे राहतात, म्हणून शाळेने ते उघड उघड शिकवले पाहिजेत. त्यांनी शिक्षकांबरोबर बसवलेली पद्धत तीन पायऱ्यांची आहे: आधी चांगले नमुने वाचून ते कसे बांधलेत ते उलगडायचं, मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक लिहायचं, आणि मगच एकेकट्याने. आपल्याकडे मधली पायरी गायब असते. आपण नमुना दाखवतो आणि लगेच म्हणतो, 'आता तुम्ही लिहा.' मग काय, मूल नमुनाच उतरवून काढतं, नाव तेवढं बदलतं.

मधल्या पायरीवर वेळ घालवा, भरपूर. मुलं सांगतील आणि खडू तुमच्या हातात. त्यांनी सांगितलेलं वाक्य लिहा, वाचा, 'हे वाचून समोरच्याला कळेल का?' विचारा, खोडा, परत लिहा. फळा घाण दिसला पाहिजे. मोठी माणसं पण खोडतात हे बघणं हाच निम्मा धडा आहे.

सुरुवात मी नेहमी कृतीपासून करायला सांगते, कारण तिथे लिखाण जमलं की नाही हे शिक्षकाला सांगावंच लागत नाही. एका गटाने कागदाची होडी कशी करायची ते लिहायचं, दुसऱ्या गटाने ते वाचून अगदी लिहिलंय तसंच करायचं, तोंडाने एक शब्द सांगायचा नाही. पहिल्या फेरीत होडी होतच नाही. 'कागद दुमडा' लिहिलेलं असतं, कुठून दुमडायचा ते नाही, आडवा की उभा ते नाही, आणि लिहिणारे बाजूला उभे राहून तळमळत असतात, 'अरे तसा नाही रे!' आता त्यांना परत लिहायचंय, स्वतःहून. 'आधी', 'मग', 'मधोमध', 'टोक वर येईल असं' हे शब्द त्यांना लागतात म्हणून ते शोधतात, आणि क्रमांक घातले तर सोपं होतं हेही त्यांनाच सुचतं. तुम्ही कृतीचा फॉरमॅट शिकवलाच नाही, तरी तो वहीत आला.

पत्राचं तेच. काल्पनिक मित्राला 'सहलीचे वर्णन करणारे पत्र' हे मला कधीच पटलं नाही. जो मित्र शेजारच्या बाकावर बसलाय आणि सहलीला बरोबरच होता, त्याला काय लिहायचं? खरा वाचणारा शोधा. एका शाळेसमोर रस्त्यावर गतिरोधक नव्हता, मुलांनी सरपंचांना पत्र लिहायचं ठरवलं. पहिला मसुदा: 'गाड्या जोरात येतात, आम्हाला भीती वाटते, तरी गतिरोधक करावा ही नम्र विनंती.' त्यांच्या वर्गाच्या बाईंनी एवढंच विचारलं, 'सरपंच हे वाचून तुम्हाला काय विचारतील?' नेमकं कुठे, कधी जास्त गाड्या येतात, किती मुलं रस्ता ओलांडतात. म्हणजे मुलांना चार दिवस मधल्या सुट्टीत रेघा मारत गाड्या मोजाव्या लागल्या. दुसऱ्या मसुद्यात भीती एका वाक्यात आली आणि बाकीचे आकडे. ग्रामपंचायतीकडून उत्तर आलं की रस्ता आमच्याकडे नाही, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लिहा. बाईंना वाईट वाटलं, मी म्हटलं अहो सोनं आहे हे! तेच पत्र आता न ओळखणाऱ्या साहेबांना लिहायचंय, म्हणजे गाव कुठलं, शाळा कुठे, रस्ता कुठला हे सगळं सांगावं लागणार, जे सरपंचांना सांगायची गरजच नव्हती. वाचणारा बदलला की पत्र बदलतं, हे यापेक्षा चांगलं कसं शिकवणार. 'प्रति', 'विषय', दिनांक हे सगळं त्या ओघात दोन मिनिटांत आलं, कारण आता त्याचा उपयोग होता: ऑफिसात रोज एवढी पत्रं येतात, विषय वर नसेल तर साहेबांना कसं कळणार कुठलं टेबल?

पत्ता लिहिताना पिनकोडची एक गंमत सांगा. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. महाराष्ट्रातला कुठलाही पिनकोड 4 ने सुरू होतो, गोव्याचासुद्धा. मुलं मग वेष्टनांवरचे पिनकोड बघून बिस्किट कुठून आलं ते शोधत बसतात. पत्ता हासुद्धा वाचायचा मजकूर आहे!

बातमी तिसरी-चौथीला थोडी अवघड जाते, कारण ती गोष्टीच्या बरोब्बर उलटी बांधलेली असते. गोष्टीत शेवट लपवून ठेवायचा, बातमीत शेवट पहिल्या ओळीत सांगून टाकायचा. मुलांना हे अन्यायकारक वाटतं. एक खेळ करा: पेपरातली छोटी बातमी घ्या आणि शेवटून एकेक वाक्य झाकत जा. कितीही झाकलं तरी काय झालं ते कळतंच. मग गोष्ट घेऊन तसंच करा, पार बिघडते. यानंतर शाळेतल्या क्रीडा स्पर्धेची बातमी लिहायला दिलीत की 'सकाळी आम्ही लवकर उठलो' येणार नाही, निदान कमी येईल.

पहिली-दुसरीचं कुणीतरी विचारेलच, म्हणून. बाराखडी पूर्ण झाल्याशिवाय हे सगळं कसं करणार, असा आक्षेप असतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन, म्हणजे सगळ्यांच्या मॅक्सिनमावशी, यांनी पूर्ण बाराखडीची वाट न बघता अक्षरांच्या छोट्या गटांपासूनच अर्थ असलेलं वाचायला लावलं. तेच धरून चला. लहानांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. 'पाणी सांडू नये' ही पाटी हंड्यावर लावायची असेल तर ती पहिलीचा वर्गही सांगू शकतो, आणि रोज येता-जाता वाचतोच.

आता पालकांचा मुद्दा, 'पुढे बोर्डाला फॉरमॅट लागतोच ना?' लागतो. दहावीच्या कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या विषयात, उपयोजित लेखनाचा विभाग चांगला जड आहे: पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, वर निबंधाचे प्रकार. पण उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्यात त्यांना विचारा, फॉरमॅटचे मार्क सगळ्यांनाच मिळतात. जातात ते मजकुराचे. प्रत्येक जाहिरातीत चौकट, फुलंपानं आणि 'त्वरा करा! त्वरा करा!', पण कशासाठी त्वरा करायची त्याचा पत्ताच नाही. मागणीपत्रात अ. ब. क. नावाचा विद्यार्थी रोपं मागतो आणि किती, कुठली, कधीपर्यंत हे लिहायचं विसरतो. चौथीत ज्याने साहेबांना गाड्यांची संख्या लिहिलीय तो दहावीत रोपांची संख्या विसरत नाही.

तपासताना एक पथ्य पाळा, लाल पेन लगेच काढू नका. पहिलं वाचन फक्त 'काम झालं का' यासाठी: सूचना वाचून मी योग्य वेळी योग्य जागी पोचेन का? मग क्रम. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि तेही ज्या मजकुराला बाहेर जायचंय त्याचंच काटेकोर. सरपंचांना जाणाऱ्या पत्रातली वेलांटी मुलं स्वतः तीनदा तपासतात, वहीतली कुणी बघत नाही. बोलीचंही तसंच. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने गोष्टीतल्या आजीला अहिराणीत बोलू द्यावं, ती आजी जिवंत होते. सूचनेत तो स्वतःच प्रमाण मराठीकडे वळतो, कारण सूचना पलीकडच्या गल्लीतल्यालाही कळायला हवी असते. 'अशुद्ध' म्हणून दोन्हीकडे काट मारलीत तर गोष्टही जाते आणि मूलही बोलायचं थांबतं.

एका प्रकाराला दोन-तीन आठवडे द्या, वर्षात चार-पाच प्रकार झाले तरी भरपूर झालं. जोडवर्गात तिसरी-चौथीला वेगळं काही करायची गरज नाही, नमुना वाचणं आणि फळ्यावरचं लिखाण एकत्र, नंतर तिसरीने दोघांत मिळून लिहायचं आणि चौथीने एकट्याने. वाचायला साहित्य कमी पडत असेल तर बालभारतीच्या साइटवर पुस्तकं फुकट आहेत, 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात, त्यात कोडी, कृती, माहिती सगळं मिळतं.

आणि कागद मागवताना पालकांना आधी निरोप द्या. वीजबिलावरचं नाव, ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर यावर कागद चिकटवून मगच झेरॉक्स काढायची, औषधाची पाकिटं रिकामीच हवीत. कीटकनाशकाचा डबा मात्र रिकामा असला तरी वर्गात आणायचा नाही. त्याचा फोटो तुम्ही स्वतः काढा आणि प्रिंट रंगीतच घ्या, काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा एकसारखाच दिसतो.